जॅकलिन द्यू प्रे

जॅकलिन मेरी द्यू प्रे (२६ जानेवारी, १९४५ – १९ ऑक्टोबर, १९८७) या ब्रिटिश चेलोवादक होत्या. विसाव्या शतकातील श्रेष्ठ चेलोवादकांत त्यांची गणना होते. एडवर्ड एल्गार यांच्या चेलो कॉन्चेर्तोचे त्यांनी केलेले वादन विशेष प्रसिद्ध आहे. १९७३ साली, वयाच्या २८व्या वर्षी, त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असल्याचे निदान झाले व त्यांचे वादन कायमचे थांबले.

द्यू प्रे यांच्याविषयीच्या बहुतेक लेखनात त्यांच्या मैफलींच्या काळाला भरपूर जागा मिळते आणि नंतरचे आयुष्य चार ओळींत आटोपले जाते. हिशेब मात्र वेगळा आहे. व्यावसायिक वादक म्हणून त्या रंगमंचावर होत्या ती वर्षे १२ (१९६१ ते १९७३), आणि निदानानंतर आजारासह जगल्या ती वर्षे १४ (१९७३ ते १९८७). हा दुसरा कालखंड केवळ मृत्यूची वाट पाहण्याचा नव्हता. शरीराचे एकेक काम दुसऱ्याच्या हाती सोपवीत त्यांना तो दररोज जगावा लागला.

बालपण आणि शिक्षण

जॅकलिन यांचा जन्म ऑक्सफर्ड येथे झाला. वडील डेरेक हे लेखापालनाच्या क्षेत्रातील नियतकालिकाचे संपादक, तर आई आयरिस या पियानोवादक, संगीतरचनाकार व शिक्षिका होत्या. थोरली बहीण हिलरी बासरीवादक झाली. पिअर्स हा धाकटा भाऊ. चार वर्षांच्या जॅकलिनने रेडिओवर चेलोचा आवाज ऐकला आणि ते वाद्य आपल्याला हवे असा हट्ट धरला, ही हकीकत तिच्या सर्व चरित्रांत येते. आईने हा हट्ट मनावर घेतला. ती मुलीसाठी लहान लहान धून रचीत असे, त्या चित्रांनी सजवीत असे आणि सकाळी जागी झाल्यावर मुलीला सापडाव्यात अशा रीतीने रात्रीच तिच्या बिछान्यापाशी ठेवीत असे. संगीताशी पहिली ओळख अशी खेळकर असणे हे भाग्य फार थोड्या मुलांच्या वाट्याला येते.

चेलो हे व्हायोलिनच्या कुळातील, परंतु आकाराने बरेच मोठे व खर्जाच्या स्वराचे वाद्य आहे. वादक खुर्चीवर बसून ते गुडघ्यांमध्ये धरतो व उजव्या हातातील गजाने वाजवतो. सतारीप्रमाणे त्याला पडदे नसतात. स्वर कोठे आहे हे डाव्या हाताच्या बोटांना स्पर्शानेच ठाऊक असावे लागते, आणि गजाचा भार किती द्यावा हे उजव्या मनगटाला. ही बाब पुढील हकीकत समजण्यासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

लंडनमधील चेलो विद्यालयात अ‍ॅलिसन डॅलरिंपल यांच्याकडे प्राथमिक धडे घेतल्यानंतर वयाच्या १०व्या वर्षापासून त्या विल्यम प्लीथ यांच्याकडे शिकू लागल्या. प्लीथ यांना त्या पुढे आयुष्यभर आपले खरे गुरू मानीत. १९५६ मध्ये, वयाच्या ११व्या वर्षी, त्यांना पोर्तुगीज चेलोवादक गिल्येर्मिना सुजिया यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळाली. पुढील काळात पाब्लो कासाल्स, पॅरिसमध्ये पॉल तोर्तलिए आणि १९६६ मध्ये मॉस्कोत म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच यांचेही मार्गदर्शन त्यांनी घेतले. सरावापायी शालेय शिक्षण मात्र मागे पडले व अखेर सुटले. एका विद्येसाठी बाकीच्या साऱ्या विद्यांचे दार बंद करावे का, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत कोणी फारसा विचारला नाही. वाद्य हातातून गेल्यावर ही उणीव अधिक जाणवणे स्वाभाविक होते.

मैफलींचा काळ

१ मार्च, १९६१ रोजी लंडनच्या विगमोर हॉलमध्ये द्यू प्रे यांची पहिली व्यावसायिक मैफल झाली. तेव्हा त्या १६ वर्षांच्या होत्या. कार्यक्रम सुरू झाल्यावर थोड्याच वेळात वाद्याची एक तार दगा देऊ लागली, म्हणून त्या शांतपणे उठून आत गेल्या, तार ठीक करून परतल्या आणि त्यांनी पुन्हा सुरुवात केली. २१ मार्च, १९६२ रोजी रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रासह एल्गार यांचा कॉन्चेर्तो प्रथमच सादर केला. १९६३ पासून प्रॉम्स या उन्हाळी संगीतमहोत्सवातही तोच कॉन्चेर्तो त्यांच्याकडून ऐकण्याची लंडनकरांना सवय लागली.

एल्गार यांची ही रचना १९१९ सालची. पहिल्या महायुद्धानंतरच्या उदास मनःस्थितीत लिहिलेली ही रचना पहिल्या प्रयोगात फारशी रंगली नव्हती. ऑगस्ट १९६५ मध्ये सर जॉन बार्बिरोली यांच्या संचालनाखाली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह द्यू प्रे यांनी ईएमआय कंपनीसाठी तिचे ध्वनिमुद्रण केले. तेव्हा त्या २० वर्षांच्या होत्या. हे ध्वनिमुद्रण आजही विकले जाते व ऐकले जाते. पुढच्या पिढ्यांतील चेलोवादकांना ते अनुकरणीय वाटो वा टाळण्याजोगे, त्याची दखल घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही त्यांनी हाच कॉन्चेर्तो वाजवला.

त्यांच्या वादनात संपूर्ण शरीर सामील असे. मान, खांदे, लांब सोनेरी केस, सारे स्वरांबरोबर हलत. काही जाणकारांना हे अतिरेकी वाटे. चित्रफिती पाहताना मात्र ही हालचाल लावलेली नसून आतून येणारी आहे हे स्पष्ट दिसते.

त्यांच्याकडे अंतोनियो स्त्रादिवारी यांनी घडवलेली दोन वाद्ये होती, एक १६७३ सालचे व दुसरे दाविदोव या नावाने ओळखले जाणारे १७१२ सालचे. दोन्ही त्यांच्या धर्ममातेने भेट दिलेली होती. अखेरच्या वर्षांत त्या फिलाडेल्फिया येथील कारागीर सेर्जो पेरेसॉन यांनी १९७० मध्ये घडवलेला नवा चेलो अधिक वापरीत.

विवाह

१९६६ च्या अखेरीस त्यांची भेट अर्जेंटिनात जन्मलेले पियानोवादक व संगीतसंचालक डॅनिएल बॅरेनबॉइम यांच्याशी झाली. जून १९६७ मध्ये इस्रायल व अरब राष्ट्रे यांच्यातील युद्धाच्या तोंडावर दोघे इस्रायलला गेले व तेथे त्यांनी सैनिकांसाठी व नागरिकांसाठी कार्यक्रम केले. द्यू प्रे यांनी ज्यू धर्म स्वीकारला आणि १५ जून, १९६७ रोजी जेरुसलेम येथे दोघांचा विवाह झाला.

या विवाहाला मुंबईचा एक धागा आहे. मुंबईत जन्मलेले पारशी संगीतसंचालक झुबिन मेहता हे बॅरेनबॉइम यांचे जिवलग मित्र. विवाहाचा साक्षीदार ज्यू असणे आवश्यक होते, म्हणून मेहता यांनी तेवढ्यापुरते मोशे कोहेन असे नाव धारण करून साक्ष दिली, अशी आठवण त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये लंडनला द्यू प्रे, बॅरेनबॉइम, इट्झॅक पर्लमन, पिंकस झुकरमन व मेहता या पाच तरुण मित्रांनी शूबर्ट यांची ट्राउट ही पंचवाद्यरचना सादर केली. त्यात मेहता डबल बास वाजवीत होते. क्रिस्टोफर न्यूपेन यांनी या मैफलीचा व तिच्या तयारीचा चित्रपट केला. बालपणीच्या पोलिओमुळे कुबड्यांच्या आधाराने चालणारे पर्लमन आणि धावतपळत सर्वांची थट्टा करणाऱ्या द्यू प्रे यांना त्यात एकत्र पाहताना, चारच वर्षांनी काय घडणार होते याची कल्पनाही येत नाही.

आजाराची चाहूल

बोटांच्या टोकांची संवेदना कमी होत असल्याचे द्यू प्रे यांच्या ध्यानात आले ते १९७१ च्या सुमारास. त्याबरोबर विलक्षण थकवा येई. चालताना तोल जाई. काही लक्षणे येत आणि आपोआप नाहीशी होत. हे जाणे-येणे हेच या आजाराचे फसवे वैशिष्ट्य आहे. तपासणीच्या वेळी रुग्ण बरा दिसतो आणि संशय शरीरावर न जाता मनावर जातो. द्यू प्रे यांच्याही बाबतीत असेच झाले. कामाचा ताण, अखंड प्रवास व मानसिक थकवा अशी कारणे सांगितली गेली. त्यांना स्वतःलाही आपलेच काही चुकते आहे असे वाटू लागले. १९७१-७२ च्या काळात त्यांनी मैफलींतून बरीच विश्रांती घेतली व मनोविश्लेषणाचे उपचार सुरू केले. डिसेंबर १९७१ मध्ये दोन दिवस अचानक हात पूर्ववत चालू लागले, तेव्हा शोपँ व फ्रँक यांच्या सोनाटांचे ध्वनिमुद्रण झाले. स्टुडिओतील त्यांचे हे शेवटचे काम ठरले.

१९७३ च्या आरंभी त्या पुन्हा रंगमंचावर आल्या. जानेवारीत उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यात समीक्षकांनी वादनातील उणिवांवर बोट ठेवले. ८ फेब्रुवारीला लंडनमध्ये मेहता यांच्या संचालनाखाली एल्गारचा कॉन्चेर्तो झाला. त्याच महिन्यात न्यूयॉर्क येथे लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली झुकरमन यांच्यासह ब्राम्स यांच्या दुहेरी कॉन्चेर्तोचे चार प्रयोग ठरले होते. तेथे वाद्याची पेटी उघडणेही जड जाऊ लागले. हातातील गजाचे वजन कळेना. बोटांना तार जाणवत नसल्याने डावा हात कोठे आहे हे डोळ्यांनी पाहून ठरवावे लागे. जे काम आयुष्यभर स्पर्शाने केले ते भर मैफलीत नजरेने करणे म्हणजे काय, हे वाद्य हाती धरणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. तीन प्रयोग त्यांनी कसेबसे पूर्ण केले. चौथा त्यांनी सोडला आणि त्यांच्या जागी आयझॅक स्टर्न यांनी व्हायोलिन वाजवले. त्यानंतर द्यू प्रे यांनी जाहीर वादन केले नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले. आजाराचे नाव कळल्यावर प्रथम त्यांना काहीसा दिलासा वाटला, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी नोंदवले आहे. दोन वर्षे ज्याचा दोष स्वतःच्या मनाला दिला ते दुखणे खरोखर शरीराचे होते. पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना यायला अवकाश लागला.

आजाराचे स्वरूप

मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंभोवती मायलिन नावाचे आवरण असते. विजेच्या तारेवर वेष्टन असावे तसे. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच या आवरणावर हल्ला करते आणि संदेशांचे वहन मंदावते किंवा थांबते. कोणत्या ठिकाणचे आवरण झिजते त्यावर लक्षणे अवलंबून असतात. नजर दुहेरी होणे, हातापायांत मुंग्या वा बधिरता, कंप, स्नायूंचा ताठरपणा, लघवीवरील ताबा जाणे, बोलणे अडखळणे अशी ती अनेक प्रकारची असतात. फ्रेंच वैद्य झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे स्वतंत्र वर्णन केले. बहुधा तरुण वयात तो प्रकट होतो व पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. अनेक रुग्णांत तो वर्षानुवर्षे चढउतार घेत राहतो, तर काहींत थांबत नाही व पावलापावलाने वाढत जातो. द्यू प्रे यांचा आजार या दुसऱ्या, वर्धमान प्रकारचा निघाला. त्या काळी डॉक्टरांपाशी स्टेरॉइडसारखी झटक्याची तीव्रता कमी करणारी औषधे होती. आजाराची वाटचाल मंद करणारे पहिले औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत १९९३ साली मान्य झाले. द्यू प्रे यांच्या मृत्यूला तेव्हा सहा वर्षे झाली होती.

दैनंदिन जीवन आणि शुश्रूषा

निदानानंतर दोन वर्षांच्या आत द्यू प्रे चाकांच्या खुर्चीवर आल्या. हॅम्पस्टेडमधील घराच्या पायऱ्या आता त्यांच्यासाठी अडसर झाल्या होत्या. नाइट्सब्रिज भागात खुर्ची हलवता येईल अशा घरात मुक्काम हलवण्यात आला. अखेरची वर्षे त्या नॉटिंग हिल भागात राहिल्या.

ब्रिटनमध्ये १९७० साली दीर्घकालीन रुग्ण व अपंग यांच्यासाठी कायदा झाला होता. त्यानुसार घरकामात मदत व घरात आवश्यक ते फेरफार यांची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर आली. पाठोपाठ १९७१ पासून सतत देखभाल लागणाऱ्यांना भत्ता मिळू लागला. बहुसंख्य रुग्णांचा आधार हा एवढाच असे, आणि उरलेला सारा भार घरातील माणसांवर, बहुतेक वेळा बायकांवर, पडे. द्यू प्रे यांची स्थिती निराळी होती. त्यांना घरी परिचारिका ठेवणे परवडत होते. हा फरक लहान नव्हे. त्यांच्या आयुष्याची कहाणी सांगताना केवळ मनोबलाचे गोडवे गाणे म्हणूनच अपुरे ठरते. त्या १४ वर्षे आपल्या घरी राहू शकल्या यात मनोबलाइतकाच पैशाचा व पगारी मदतीचा वाटा होता.

या आजारात हातची कामे एकदम जात नाहीत; एकेक करून जातात. प्रथम बारीक कामे सुटतात. बटण लावणे, बुटाची नाडी बांधणे, सुईत दोरा ओवणे, सही करणे. मग जिन्याचा कठडा लागतो, मग काठी, मग माणसाचा खांदा. हात थरथरू लागले की कप ओठांपर्यंत नेताना चहा सांडतो, म्हणून कप अर्धाच भरावा लागतो. पुढे तो दुसऱ्याने धरावा लागतो. प्रत्येक टप्प्यावर रुग्णाला एक निर्णय घ्यावा लागतो. तासभर झगडून स्वतः कपडे घालायचे आणि त्यातच दिवसाची शक्ती संपवायची, की दहा मिनिटांत दुसऱ्याकडून घालून घ्यायचे आणि उरलेली शक्ती आवडीच्या कामासाठी राखायची? बाहेरून पाहणाऱ्याला पहिला मार्ग स्वाभिमानाचा वाटतो. प्रत्यक्षात दुसरा मार्ग निवडण्यालाही तेवढाच स्वाभिमान लागतो, कारण त्यात मदत मागावी लागते. उष्णतेने लक्षणे बळावत असल्याने गरम पाण्याच्या स्नानासारखा साधा आरामही या रुग्णांना जपूनच घ्यावा लागतो.

मूत्राशयावरील ताबा जाणे ही या आजारातील सर्वांत कमी बोलली जाणारी आणि सर्वांत जास्त जाचणारी गोष्ट. घराबाहेर पडायचे म्हणजे कोठे, किती वेळ, सोबत कोण, अशी सारी आखणी तिच्याभोवती करावी लागते. पुष्कळ रुग्ण याच कारणाने बाहेर जाणे सोडतात. द्यू प्रे यांनी ते बराच काळ सोडले नाही. चाकांच्या खुर्चीतून त्या मैफलींना, नाटकांना, मित्रमंडळींच्या घरी जात. उचलून गाडीत बसवणे, उतरवणे, प्रेक्षागृहात खुर्चीला जागा मिळवणे हे सारे सोबतच्या माणसांनी करावे लागे. आपल्या देखण्या, रंगीत पोशाखांची हौस त्यांनी सोडली नाही. कपडे दुसरी माणसे घालत असली तरी कोणते घालायचे हे त्या ठरवीत. एवढाच अधिकार हाती उरला असता तो क्षुल्लक राहत नाही.

साधारण १९८० नंतर परावलंबित्व जवळजवळ पूर्ण झाले. स्नान, केस विंचरणे, शौच, भरवणे, कूस बदलणे, सर्व कामे परिचारिका करीत. अशा रुग्णाला एकाच स्थितीत फार वेळ ठेवले तर शय्याव्रण होतात, म्हणून रात्रीही ठरावीक वेळाने कूस बदलावी लागते. गिळण्याचे स्नायू दुर्बळ झाल्याने घास लहान व मऊ असावा लागतो. घाईने भरवले तर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. डोके व हात यांच्या कंपामुळे आणि अधू नजरेमुळे द्यू प्रे यांना वाचन करता येईना. पुस्तकाचे पान उलटणेही शक्य नव्हते. मित्रमैत्रिणी पाळीपाळीने येऊन त्यांना वाचून दाखवीत. दूरध्वनीवर गप्पा मारणे हा त्यांचा मोठा विरंगुळा होता. क्रमांक दुसऱ्याने फिरवायचा, यंत्र कानाशी दुसऱ्याने धरायचे, बोलायचे मात्र त्यांनी. त्यांच्या विनोदाला शेवटपर्यंत धार होती आणि चावटपणाचेही त्यांना वावडे नव्हते.

शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीशी असलेले नाते हे कोणत्याही पूर्ण परावलंबी रुग्णाच्या आयुष्यातील मध्यवर्ती नाते ठरते. तिचा हात कसा लागतो, पाण्याची ऊनता ती पाहते की नाही, घास देण्यापूर्वी सांगते की नाही, यांवर रुग्णाचा दिवस सुखाचा जातो की अपमानाचा हे ठरते. द्यू प्रे यांच्याकडे काही परिचारिका आल्या आणि गेल्या. एक मात्र अनेक वर्षे, अखेरपर्यंत राहिली आणि घरच्यासारखी झाली. द्यू प्रे या नेहमी सोशिक रुग्ण होत्या असे चित्र रंगवणे मात्र सत्याला धरून होणार नाही. त्या चिडत, रुसत, जवळच्यांना लागेल असे बोलत. या आजारात मेंदूवरील परिणामामुळे भावनांवरचा ताबा सुटतो, अकारण हसू वा रडू येते, स्मृती दगा देते. त्यात ज्या हातांनी हजारोंना डोलवले होते ते हात मांडीवर निश्चल पडलेले रोज पाहायचे. आजाराचा भाग कोणता आणि दुःखाचा कोणता, हे वेगळे काढणे कोणालाच शक्य नव्हते.

मनोविश्लेषणाच्या बैठका त्यांनी अखेरपर्यंत चालू ठेवल्या. आपली जुनी ध्वनिमुद्रणे त्या वारंवार ऐकत व आल्यागेल्यांना ऐकवीत. काहींना ते पाहणे असह्य होई. पण वाद्य गेलेल्या कलावंताने आपलेच वादन ऐकू नये, अशी अपेक्षा करणेही विचित्रच.

अध्यापन व अन्य कार्य

हात थांबल्यावर द्यू प्रे शिकवू लागल्या. चाकांच्या खुर्चीत बसून त्या विद्यार्थ्याचे वादन ऐकत आणि एखादी जागा कशी हवी हे वाजवून दाखवता येत नसल्याने गाऊन किंवा शब्दांत सांगत. पूर्वी त्या आपल्या वादनाविषयी फारसे बोलत नसत. बोटे जे आपोआप करीत त्याला शब्द शोधण्याची वेळच आली नव्हती. १९७९ मध्ये बीबीसी दूरचित्रवाणीवरून त्यांच्या अध्यापनवर्गांचे कार्यक्रम प्रसारित झाले. त्याच सुमारास प्रोकोफिएव यांच्या पीटर अँड द वुल्फ या मुलांसाठीच्या संगीतकथेचे निवेदन त्यांनी ध्वनिमुद्रित केले. त्यात ऑर्केस्ट्राचे संचालन बॅरेनबॉइम यांचे होते. पुढे बोलणे अस्पष्ट होत गेले तेव्हा हेही काम थांबले.

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या संशोधनासाठी निधी जमवण्याच्या कामाला त्यांनी आपले नाव दिले. ज्या काळात रुग्णाला घरात लपवण्याकडे कल होता त्या काळात एक नामवंत तरुण स्त्री चाकांच्या खुर्चीतून कॅमेऱ्यासमोर येते, याचा परिणाम निधीच्या रकमेत मोजता येणार नाही. १९७६ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारचा ओबीई हा सन्मान देण्यात आला. अनेक विद्यापीठांनी मानद पदव्या दिल्या.

कौटुंबिक संबंध

१९७५ मध्ये बॅरेनबॉइम यांनी ऑर्केस्ट्र द पारी या संस्थेचे संगीतसंचालकपद स्वीकारले व ते पॅरिसला राहू लागले. लंडनला ते नियमित येत व पत्नीच्या उपचारांची, घराची आणि परिचारिकांची व्यवस्था पाहत. १९८० च्या दशकात पॅरिसमध्ये रशियन पियानोवादक एलेना बाश्किरोवा यांच्याशी त्यांचे सहजीवन सुरू झाले व त्यांना दोन मुलगे झाले. द्यू प्रे यांना याचा त्रास होऊ नये म्हणून ही गोष्ट त्यांच्यापासून दूर ठेवण्यात आली होती. या वर्तनाविषयी कठोर मते व्यक्त झाली आहेत. मात्र दीर्घ आजारात रुग्णाच्या जोडीदाराचे आयुष्य कसे असावे याचा निवाडा बाहेरच्या माणसाने करणे सोपे नाही, आणि त्यांनी शुश्रूषेत काही कमी पडू दिले नाही हेही नोंदवणे आवश्यक आहे. माहेरच्या मंडळींशी द्यू प्रे यांचे संबंध या काळात ताणलेले राहिले.

मृत्यू व नंतर

१९ ऑक्टोबर, १९८७ रोजी लंडन येथील राहत्या घरी, वयाच्या ४२व्या वर्षी, द्यू प्रे यांचे निधन झाले. अखेरच्या वेळी बॅरेनबॉइम जवळ होते. गोल्डर्स ग्रीन येथील ज्यू दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

त्यांच्या हयातीतच, १९८० मध्ये, टॉम केम्पिन्स्की यांचे ड्युएट फॉर वन हे नाटक लंडनच्या रंगभूमीवर आले. या आजाराने वादन गमावलेली व्हायोलिनवादक आणि तिचा मनोविकारतज्ज्ञ एवढीच दोन पात्रे त्यात होती, आणि त्याचे साम्य कोणाच्याही नजरेतून सुटण्यासारखे नव्हते. १९९७ मध्ये हिलरी व पिअर्स या भावंडांनी लिहिलेले अ जीनियस इन द फॅमिली हे पुस्तक आणि १९९८ मध्ये त्यावर आधारित हिलरी अँड जॅकी हा चित्रपट यांवरून मोठा वाद झाला. रोस्त्रोपोविच, पर्लमन, झुकरमन यांच्यासह अनेक संगीतकारांनी वृत्तपत्रात पत्र लिहून, आपण ओळखत होतो ती जॅकलिन ही नव्हे, असे जाहीर केले. एमिली वॉटसन यांच्या अभिनयाची प्रशंसा झाली, परंतु चित्रपट हा चरित्राचा आधार म्हणून वापरताना सावधगिरी बाळगावी.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सेंट हिल्डाज महाविद्यालयात १९९५ मध्ये त्यांच्या नावाने संगीतभवन उभारण्यात आले. पांढऱ्या पाकळ्यांच्या व तांबूस पुंकेसरांच्या एका सुगंधी गुलाबाला त्यांचे नाव आहे. १६७३ सालचा स्त्रादिवारी चेलो अमेरिकन वादक लिन हॅरेल यांनी घेतला व पुढे त्याला द्यू प्रे यांचे नाव दिले. दाविदोव हा चेलो यो-यो मा यांच्याकडे गेला आणि ते तो आजही वाजवतात.